भिंतीच्या पोटातला पाऊस

भाजकी वीट घ्यावी, ताटलीत बोटाच्या पेराइतके पाणी घ्यावे आणि वीट त्यात उभी करून ठेवावी. थोड्या वेळाने पाहिले तर ओलीची गडद रेघ पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलेली असते. तिथे पंप नाही, वरून कोणी ओढत नाही. आहेत ती फक्त डोळ्यांना न दिसणारी छिद्रे. चहात खारीचे टोक बुडवले की चहा बोटांपर्यंत चढतो, त्यामागेही हेच कारण. पाण्याचे रेणू छिद्राच्या काठाला चिकटतात आणि एकमेकांनाही धरून ठेवतात. या दोन ओढींच्या जोरावर पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर सरकते. छिद्र जितके अरुंद, तितकी चढण मोठी. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी असेल, तर हिशेबाने पाणी सुमारे १५ मीटर चढू शकते. म्हणजे जवळजवळ पाच मजले! प्रत्यक्षात ते इतके चढत नाही, कारण वाटेत ते हवेत उडून जाते. जमिनीतून भिंतीत येणारी ओल साधारणपणे कमरेच्या किंवा छातीच्या उंचीला थांबते. पण ओढ तेवढी असते, आणि ती आडवीही चालते. बाहेरून आत.

कल्याण सोडून लोकल कर्जतकडे निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने येतात. ऑगस्टमध्ये या प्रवासात खिडकीतून इमारती नीट पाहाव्यात. एकाच इमारतीची एक बाजू बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि दुसरी काळीकुट्ट. काळी बाजू बहुतेक वेळा पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची. पाऊस तिकडून येतो. तो काळा रंग म्हणजे नुसता धुरळा नव्हे. ओल्या गिलाव्यावर जगणारे शेवाळ आणि सूक्ष्म जीव तिथे वस्ती करून असतात. कुठली भिंत किती काळ ओली राहते याचा नकाशाच त्यांनी बाहेरून काढून ठेवलेला असतो. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली उतरलेले काळे ओघळ, गच्चीच्या कठड्याखालचा पट्टा, पाइपामागची हिरवट रेघ, हे सगळे वाचता येते.

या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. बदलापूर तर डोंगरांच्या पायथ्याशीच आहे. एवढ्या पाण्यासमोर घराच्या बाहेर काय असते? गिलावा. आतला थर १२ मिलिमीटरच्या आसपास, त्यावर खरखरीत रेतीचा आठ मिलिमीटरचा थर. एकूण दोन सेंटिमीटर सिमेंट आणि रेती, तीही छिद्रांनी भरलेली. पाणी अडवणारा पत्रा म्हणून गिलाव्याकडे पाहिले तर तो नापास होतो. त्याचे खरे काम वेगळे आहे आणि ते मला फार सुंदर वाटते. पावसात तो थोडे पाणी पितो, धरून ठेवतो आणि उघडीप मिळाली की वाफ करून बाहेर सोडतो. पिणे आणि सोडणे यांचा मेळ बसला की आतली खोली कोरडी राहते. मेळ बिघडला की भिंतीच्या पोटात पाणी साठू लागते. घरातल्या ओलीची जवळजवळ प्रत्येक कहाणी या बिघाडापासून सुरू होते.

आता भेगांकडे वळू. चांगल्या भिंतीला भेग का पडते? काँक्रीटचा खांब आणि त्याला लागून असलेली विटांची भिंत बाहेरून एकाच गिलाव्याखाली झाकलेली असते, पण आत त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उन्हाने काँक्रीट विटेच्या साधारण दुप्पट फुगते. मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारी चटका बसेल इतकी तापलेली असते आणि जूनच्या पहिल्या सरीने काही मिनिटांत गार पडते. तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर तीन मीटर लांबीत काँक्रीट आणि वीट यांच्या हालचालीत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. सगळा फरक भेग होऊन उघडत नाही, पण गिलाव्यावरचा ताण तिथेच येतो. म्हणून खांब आणि भिंत यांच्या सांध्यावर सरळ उभी भेग दिसते, तुळईखाली सरळ आडवी. ती जणू आतला सांगाडा बाहेरच्या गिलाव्यावर रेखून दाखवते.

पाण्याला आत शिरायला ०.१ मिलिमीटरची भेग पुरते. ती केसाएवढीच असते आणि खालून पाहिली तर दिसतही नाही. शिवाय पाऊस नुसता पडत नाही, वारा त्याला भिंतीवर दाबतो. ताशी ७० किलोमीटरचा वारा भिंतीवर जो दाब टाकतो, तो पाण्याला सुमारे २३ मिलिमीटर वर उचलायला पुरेसा असतो. हा आकडा लक्षात ठेवला की सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीचे कोडे सुटते. तिच्या खालच्या पट्टीत पावसाचे पाणी जमते आणि ते बाहेर जाण्यासाठी पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोके असतात. ती धुळीने बुजतात. कधी कोणी, पाणी तिथूनच आत येते असे समजून, ती सिलिकॉनने बंद करते. मग जोराची झड आली की आतल्या उंबऱ्याची जेमतेम इंचभर उंची वारा पार करवतो आणि पाणी खिडकीखालच्या भिंतीत उतरते. खोलीतल्या माणसाला दिसतो तो खिडकीखालचा फुगलेला रंग. आणि गिलावा वाईट होता, असा निष्कर्ष निघतो.

रंगाची गंमत तर याहून मोठी आहे. बाहेरच्या भिंतीला जाड, रबरासारखा, पाणी न शोषणारा रंग दिला की घर सुरक्षित झाले असे आपल्याला वाटते. पण साधा गिलावा आपल्यावर पडलेले पहिले पाणी स्वतः पितो. उरलेले तेवढेच खाली ओघळते. न शोषणाऱ्या रंगावर पडलेला प्रत्येक थेंब ओघळतो आणि वाटेत पहिली भेग जिथे लागेल तिथे ते सगळे पाणी मिळते. म्हणजे चकचकीत भिंतीतली एक भेग साध्या भिंतीतल्या भेगेपेक्षा जास्त पाणी पिते. आणि एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला भेगेएवढीच वाट उरते, कारण बाकी सगळीकडे रंगाचा पडदा असतो. उन्हात भिंत तापली की आतल्या पाण्याची वाफ या पडद्याला मागून ढकलते आणि रंगाला फोड येतात. असा फोड सुईने टोचला तर कधीकधी आतून चक्क पाणी येते.

ऊन वाफेला आतल्या बाजूलाही ढकलते. म्हणून दोन दिवस पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि आतला डाग नेमका त्याच दिवशी मोठा झाला, असे घडते. पाऊस थांबल्यावर ओल वाढली हे ऐकून पुष्कळ जण बुचकळ्यात पडतात. पण भिजलेली भिंत तापली आहे आणि तिच्यातली वाफ गार खोलीकडे निघाली आहे, एवढे कळले की कोडे उरत नाही.

पाणी एकटे प्रवास करत नाही. विटेतले, सिमेंटमधले, रेतीतले क्षार विरघळवून ते सोबत घेते. पृष्ठभागावर आले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हाच लोणा, भिंतीवरची पांढरी भुकटी. तोवर ठीक असते, झाडू मारला की निघते. खरा घोळ होतो तो पाणी पृष्ठभागाच्या थोडे आतच उडून गेले तर. मग क्षारांचे स्फटिक छिद्रांच्या आत वाढतात. सोडियम सल्फेट नावाचा एक साधा क्षार पाणी धरून स्फटिक बनतो तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून जास्त होते. छिद्रात एवढी जागा नसते. स्फटिक भिंतीला ढकलतो आणि गिलाव्याचा कण कणापासून सुटतो. दमट दिवसांत विरघळायचे, कोरड्या दिवसांत पुन्हा वाढायचे, असे दर हंगामात चालते. बोट लावले की झडणारी, पिठासारखी झालेली भिंत ही या अदृश्य वाढीची करामत असते. इतक्या मऊ दिसणाऱ्या पांढऱ्या धाग्यांनी दगडही फुटतात हे वाचल्यापासून मी कुठल्याही पोपड्याकडे आदराने पाहतो.

इथपर्यंतचे नुकसान रंगाचे आणि गिलाव्याचे आहे. पाणी लोखंडापर्यंत पोहोचले की विषय घराच्या जिवाचा होतो.

काँक्रीटमधली सळई गंजत का नाही, हा प्रश्नच आधी पडायला हवा. लोखंड आहे, छिद्रे आहेत, ओल आहे, हवा आहे. उत्तर असे की ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू साडेबाराच्या वर असतो. त्या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक पापुद्रा आपोआप तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही दशलक्षांश. आपल्या डोक्यावरचा स्लॅब वर्षानुवर्षे टिकतो तो या पापुद्र्याच्या भरवशावर.

त्याला दोन शत्रू आहेत. एक हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो छिद्रांतून आत शिरतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊच्या खाली आणतो. ही आघाडी वर्षाला थोडी थोडी सळईकडे सरकते. म्हणून सळईवर काँक्रीटचे किती आवरण आहे याला एवढे महत्त्व. १९७८च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर आवरण सांगितले होते; २०००च्या आवृत्तीत ते साध्या परिस्थितीतही २० मिलिमीटर झाले. पाच मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण आत शिरण्याचा वेग खोलीबरोबर मंदावत जातो, त्यामुळे त्या पाच मिलिमीटरने पुष्कळ वर्षे मिळतात. दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे साधे मीठ. ते तर सामू उच्च असतानाही पापुद्र्याला जागोजागी भोके पाडते. न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून हे मीठ बांधतानाच काँक्रीटमध्ये मिसळले जाते. पापुद्रा गेला, पाणी आले, हवा आली की गंज सुरू. आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. सळई आतून काँक्रीटला फोडते. सळईच्या रेषेत भेग पडते, मग ढलपा सुटतो.

उल्हासनगरला हे सगळे पुस्तकातले राहिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. बराकींच्या जागी घरे उठली, घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती. नव्वदच्या दशकात हे काम विलक्षण वेगाने झाले आणि त्यातल्या पुष्कळ बांधकामांत हलक्या प्रतीची रेती वापरली गेली, ही गोष्ट शहरात आजही बोलली जाते. २००६ साली तिथली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींमध्ये वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर कोसळत गेला. पहिल्या दुर्घटनेत पाच आणि दुसरीत सात माणसे गेली. अशा पडझडीला एकच कारण नसते. हलका माल, वाढवलेले वजन, बेफाम फेरफार, दुरुस्तीतली चालढकल असे सारे त्यात असते. पण या साऱ्याला वर्षानुवर्षे मुरणारे पाणी मदतच करते.

त्याच्या दोन वर्षे आधीची एक घटना मला जास्त सांगावीशी वाटते, कारण तिच्यात कोणी मेले नाही. २०१९चा पावसाळा या भागाला चांगलाच आठवतो. २७ जुलैला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच पावसाळ्यात, १३ ऑगस्टला, उल्हासनगरमधली महक नावाची पाच मजली इमारत कोसळली. ती रिकामी होती. आदल्या दिवशीच धोका ओळखून रहिवाशांना बाहेर काढले होते. एक दिवस. इमारतीने खूण दिली, ती माणसांनी वाचली आणि तेवढ्याने कुटुंबेच्या कुटुंबे वाचली. दार अचानक चौकटीत अडकू लागणे, कालपर्यंत नसलेली तिरकी भेग, छतातून बारीक माती गळणे, फरशीला आलेला उतार यांपैकी काही दिसले तर गिलाव्याच्या चर्चेची वेळ संपलेली असते. सगळ्यांनी आधी बाहेर पडायचे आणि महापालिकेला कळवायचे.

अशा खुणा न वाचण्याची किंमत श्रीमंत देशांनीही मोजली आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर भागात १९८० आणि ९०च्या दशकात बांधलेल्या हजारो घरांच्या सुबक गिलाव्यामागे लाकडी सांगाडे कुजत होते. बाहेरून काही दिसत नव्हते. प्रकरण इतके वाढले की १९९८ मध्ये डेव्ह बॅरेट या माजी प्रांतप्रमुखाच्या नेतृत्वाखाली चौकशी आयोग बसला. तिकडच्या त्या घरांत एक उणीव वारंवार आढळली: छज्जे आखूड होते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. तिकडे लाकूड कुजते, आपल्याकडे सळई गंजते. पाणी तेच.

छज्ज्याची महती पाहायची तर अंबरनाथला वालधुनीच्या काठी जावे. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या काळातले हे काळ्या पाषाणाचे देऊळ साडेनऊशेहून अधिक पावसाळे खात उभे आहे. शिखर पूर्ण उरलेले नाही, शिल्पांची झीज झाली आहे, पण भिंती उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाण्याच्या नजरेने पाहिले तर वेगळेच काही दिसते. भिंत सपाट नाहीच. तळापासून वर आडवे थर आहेत, एक पुढे आलेला, एक आत गेलेला. पुढे आलेल्या प्रत्येक थराच्या कडेला ओघळणारे पाणी भिंत सोडते आणि थेंब होऊन सुटते. मूर्तिकारांनी ते केवळ पाण्यासाठी केले असे मी म्हणणार नाही. देवळाच्या रचनेचे स्वतःचे शास्त्र आहे. पण परिणाम असा की कुठलाही ओघळ फार लांब जात नाही. दगड घट्ट, छिद्रे कमी, आणि मुख्य म्हणजे आत गंजायला सळया नाहीत. देवळापासून काही मिनिटांच्या अंतरावरच्या नव्या इमारतीची भिंत मात्र दहा-पंधरा मजले सलग सपाट असते. वरच्या मजल्यावर पडलेले पाणी खालच्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीवरून धावत जाते. छज्जा आहे तिथेही तो कधी इतका आखूड असतो की दिसायलाच असतो, आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंद खाच ठेवलेली नसते. ती खाच म्हणजे पाण्याला अडवणारा तट आहे. छज्ज्याच्या खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे निघालेला थेंब खाचेपाशी येतो, पुढे जाता येत नाही आणि खाली पडतो. एका खाचेने भिंत कोरडी राहते, आणि ती करायला गवंड्याला फक्त एक पट्टी लागते.

आता आपल्या घरातला डाग. तो जिथे दिसतो तिथे पाणी शिरलेले असेलच असे नाही. पाणी तुळईवरून आडवे जाते, वायरिंगच्या पाइपातून उतरते, कोब्यातून सरकते. म्हणून डागाच्या जागेपेक्षा डागाची वेळ जास्त बोलकी असते. जोराची झड आली आणि तासाभरात डाग गडद झाला, तर वाट सरळ आहे: भेग, खिडकी, एसीच्या पाइपाचे भोक, लोखंडी ग्रिलचे खिळे. पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी डाग आला आणि थांबल्यावरही आठवडाभर राहिला, तर पाणी गच्चीच्या वीटतुकड्यांच्या कोब्यात साठून हळूहळू उतरते आहे. तिथे डाग आणि मूळ जागा यांच्यात कित्येक फुटांचे अंतर असू शकते. डाग एप्रिल-मेमध्येही ओला असेल तर पावसाला दोष देऊ नये, वरच्या किंवा शेजारच्या न्हाणीघराकडे पाहावे. एक कॅलेंडर भिंतीला लावून त्यावर पाऊस आणि डाग यांची नोंद महिनाभर ठेवली, तर ती कुठल्याही महागड्या यंत्राइतके सांगते.

दुसरे साधन म्हणजे बोटाची पेरे. भिंतीवर टिचक्या मारत जावे. घट्ट गिलावा टणक वाजतो. सुटलेला गिलावा भद्द, पोकळ वाजतो, कारण त्याच्या मागे हवेची फट तयार झालेली असते. पोकळ भागाची कड खडूने आखून घ्यावी. बहुतेक वेळा तो भाग डागाच्या तिप्पट निघतो. बाहेरच्या भिंतीवर हे काम परांचीवरच्या माणसाने लाकडी हातोडीने करायचे असते, आपण खिडकीतून वाकून नव्हे. तिसरी परीक्षा प्लॅस्टिकची. फूटभर पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला जमले तर ती घरातल्या दमट हवेची आहे आणि खिडक्या उघडण्याचा प्रश्न आहे.

पाणी कुठून शिरते हे नक्की करायचे तर कोरड्या दिवसांत पाइपाने भिंतीवर पाणी मारून पाहतात. यात एकच नियम पाळायचा: खालून वर. आधी खिडकीच्या खालचा भाग भिजवायचा, वाट पाहायची, मग खिडकीची चौकट, मग तिच्यावरचा छज्जा, शेवटी कठडा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जागांवरून ओघळते आणि कुठून शिरले हे कधीच कळत नाही. ही इतकी सोपी युक्ती आहे, तरी घाईत तीच मोडली जाते.

सळईची शंका असेल तर अभियंता येतो आणि त्याच्या पेटीतली एक परीक्षा मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. शाळेच्या प्रयोगशाळेतलेच ते द्रावण. काँक्रीट जिथे अजून अल्कधर्मी आहे तिथे झटकन गडद गुलाबी होते. जिथे कार्बन डायऑक्साइड पोहोचला तिथे रंग येत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत गेला असेल तर तिचे संरक्षण संपले. वीस-पंचवीस वर्षांची रासायनिक लढाई कुठवर आली, ते काही सेकंदांत भिंतीवर रंगून दिसते! राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. बाहेरच्या भिंती आणि गच्ची यांची गळती थांबवणे हा संस्थेचा खर्च असतो, त्या एका सदनिकेचा नव्हे. पश्चिमेच्या बाजूच्या कुटुंबाने एकट्याने आतून पुट्टी भरत बसण्याचे कारण नाही. आणि आतून भरलेल्या पुट्टीने ओल थांबतही नाही, ती फक्त शेजारच्या हातभर जागेत सरकते.

दुरुस्तीची पहिली पायरी वर चढून करायची: गच्चीचा उतार, पन्हळीचे तोंड, कठड्याच्या माथ्यावरचा गिलावा, कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातला गोलाकार वाटा. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता असावा, म्हणजे पाणी गच्चीवर पडेल, भिंतीवर नाही. पुष्कळ इमारतींनी गच्चीवर पत्र्याची शेड केली आहे. तिने स्लॅब वाचतो, पण शेडचे पाणी कुठे पडते ते पाहावेच लागते. पाइपांच्या सांध्यात आणि कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर ते नुसते उपटू नये. मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते. भेग उघडून मूळ काढूनच ती भरावी लागते.

मग खुद्द भिंत. खडूने आखलेल्या कडेच्या बाहेर वीतभर जास्त गिलावा विटेपर्यंत काढायचा. विटांचे सांधे बोटाच्या अर्ध्या पेराइतके खरवडायचे. क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. त्यानंतर थांबायचे. हे थांबणे कंत्राटदाराला आणि घरमालकाला, दोघांनाही नको असते, कारण परांचीचे भाडे चालू असते. पण ओली वीट बंद केली तर तिच्यातले पाणी नव्या गिलाव्याला मागून ढकलणारच. सळई उघडी पडली असेल तर तिच्या मागचे काँक्रीटही काढून ती चारही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि फार झिजली असेल तर जोड सळई अभियंत्याच्या सांगण्यावरून टाकायची. नुसता पुढचा गंज पुसून वर माल थापला तर दोन पावसाळ्यांत ढलपा पुन्हा सुटतो.

खांब आणि विटा यांच्या सांध्यावर दोन्हीकडे वीत-वीतभर जाळी ठोकायची, म्हणजे त्या अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीचा ताण एका रेषेत न येता पसरतो. माल किती तेज असावा? इथे पुन्हा अंदाज उलटा पडतो. सिमेंट जास्त घातले की गिलावा जास्त मजबूत, असे वाटते. पण सिमेंट वाळताना आकसते. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकसणे, जास्त बारीक भेगा. बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा किंचित दुबळा असला तर भेग पडलीच तरी ती वरच्या थरातच राहते. रेती गाळ आणि मीठ नसलेली असावी. मूठभर रेती काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली की गाळाचा थर वर वेगळा बसलेला दिसतो, आणि तो जाड असेल तर ती गाडी परत पाठवावी. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचे, कारण सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी लागते. पाण्यामुळे बिघडलेल्या भिंतीच्या दुरुस्तीचा हा भाग पाण्यावाचून होत नाही.

रंगाची घाई करू नये. नवा गिलावा महिनाभर तरी उघडा राहू द्यावा, आणि रंग घ्यायचा तो पावसाचे पाणी अडवणारा पण आतली वाफ बाहेर सोडणारा. डब्यावर वाफ सोडण्याबद्दल काही लिहिले आहे का, हे दुकानात विचारावे. हमीच्या वर्षांइतकेच ते महत्त्वाचे आहे. या सगळ्यासाठी आपल्याकडे हंगामही ठरलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊन कडक होते, हवा कोरडी होऊ लागते, भिंतींना पाणी सोडायला वाव मिळतो. तपासणी सप्टेंबरच्या शेवटच्या सरींत, डाग ताजे असताना करावी. उघडणे ऑक्टोबरमध्ये, वाळवणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, गिलावा जानेवारीत, रंग मार्चपर्यंत. मे महिन्यात, आभाळ भरून आल्यावर परांची बांधणाऱ्या संस्थेला यातला एकही टप्पा नीट करता येत नाही. तेव्हा वार्षिक सभेत या कामाचा विषय सप्टेंबरमध्येच मांडावा, आणि सोबत ते डागांची नोंद असलेले कॅलेंडर न्यावे.